आंघोळ घालताना हाताला लागलेली गाठ

गेल्या महिन्यात एका भगिनीचे चार पानी पत्र आले. नावगाव देत नाही. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावाहून आले आहे, एवढेच सांगते. सोबत मुलाच्या रिपोर्टची मूळ प्रत जोडली होती. पत्राची सुरुवात "डॉक्टर आपा, सलाम" अशी, आणि पुढे दीड पान फक्त मुलाविषयी.

मुलगा साडेतीन वर्षांचा. शुक्रवारी अब्बांसोबत जुम्म्याच्या नमाजला जायचे म्हणून आई त्याला आंघोळ घालत होती. साबणाचा हात पोटावरून फिरला आणि उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, काहीतरी घट्ट लागले. दाबून पाहिले तर मूल रडले नाही. त्याला दुखतच नव्हते. तो लोट्यातले पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतून हसत होता. वायू असेल म्हणून सासूबाईंनी बेंबीभोवती हिंग लावला. चार दिवसांनी सोनोग्राफी झाली, आठवड्याभरात मुंबई गाठावी लागली आणि तिथे आजाराचे नाव कळले : विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांच्या किडनीचा कॅन्सर. आधी काही आठवडे औषधे दिली, मग शस्त्रक्रिया करून उजवी किडनी काढली. आता पुन्हा औषधांचे डोस सुरू आहेत. मुलगा बरा आहे, केस गेलेत, पण खातोपितो, खेळतो.

उरलेली अडीच पाने मात्र मुलाविषयी नाहीत, तिच्या स्वतःविषयी आहेत. सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना ग्रहणात हिने सुरी हातात घेतली. नणंद म्हणते, पपई खाल्ली असणार. मोहल्ल्यातले एक शिकलेले गृहस्थ म्हणाले, हे सगळे नात्यातल्या लग्नाचे परिणाम. ही भगिनी नवऱ्याच्या सख्ख्या फुफीची मुलगी. एवढे सगळे ऐकल्यावर तिने मला विचारले आहे, माझे नेमके काय चुकले?

काही चुकले नाही, हे एका ओळीत सांगून मी मोकळी होऊ शकते. पण तेवढे तर तिला मुंबईच्या डॉक्टरांनीही सांगितले असणारच, आणि घरी आल्यावर त्याचा उपयोग झालेला दिसत नाही. म्हणून या महिन्यात जरा मुळापासून सांगते, म्हणजे घरातल्यांना उत्तर देता येईल.

सुरुवात आईच्या पोटातून करावी लागते, कारण हा आजारही तिथूनच सुरू होतो.

गर्भ पाच आठवड्यांचा असतो तेव्हा बाळाची खरी किडनी बनायला लागते. एक बारीक नळी, झाडाच्या कोंबासारखी, शेजारच्या मऊ पेशींच्या पुंजक्यात शिरते. त्या पेशी नळीला खुणावतात, फांद्या फुटू दे. नळी पेशींना खुणावते, तुम्ही आता गाळण्या व्हा. कोंबाला फांद्या फुटत जातात आणि प्रत्येक फांदीच्या टोकावर पेशींची टोपी बसलेली असते. या टोपीतल्या पेशींना दोन कामे असतात. काहींनी आपल्यासारख्याच आणखी पेशी तयार करायच्या, म्हणजे माल संपणार नाही. काहींनी वाढणे थांबवून रक्त गाळणारी सूक्ष्म गाळणी व्हायचे. या दोन कामांचा तोल महिनोन्महिने सांभाळला जातो. साधारण छत्तिसाव्या आठवड्याला काम संपते, कारागीर पेशी संपून जातात, आणि प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास गाळण्या तयार असतात. जन्मानंतर किडनी आकाराने वाढते, पण नवी गाळणी एकही बनत नाही.

विल्म्स ट्यूमर म्हणजे या कारागीर पेशींपैकी काहींचे काम न संपणे. त्यांना थांबा असा हुकूम मिळालाच नाही, किंवा मिळाला तो कळला नाही. घर बांधून झाले, लोक राहायला आले, तरी एका खोलीत गवंडी विटा रचतच राहिले, असे समजा.

म्हणून या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की तिथे अर्धीमुर्धी किडनी दिसते. एकीकडे गर्भातल्यासारख्या कोवळ्या पेशींचे दाट पुंजके, दुसरीकडे नळ्या बनवण्याचा फसलेला प्रयत्न, आणि मध्ये आधार देणाऱ्या पेशींचे जाळे. कधी कधी त्यात स्नायू किंवा कूर्चाही सापडते. मोठ्या माणसांच्या किडनीच्या कॅन्सरशी याचे फारसे नाते नाही. तो तंबाखू, लठ्ठपणा, वय यांच्याशी जोडलेला असतो. हा बालपणाचा आजार आहे. तीन ते चार वर्षांच्या वयात सर्वांत जास्त आढळतो, दहा हजार मुलांत साधारण एकाला होतो, आणि लहान मुलांच्या किडनीच्या कॅन्सरपैकी बहुसंख्य गाठी याच जातीच्या असतात.

ज्यांच्या नावावरून हा ओळखला जातो ते माक्स विल्म्स जर्मन सर्जन होते. १८९९ साली त्यांनी अशा मिश्र गाठींवर पुस्तक लिहिले आणि या गाठी गर्भावस्थेतल्या पेशींपासून उपजतात, असे मांडले. त्या काळी गुणसूत्रांचा उलगडाही झालेला नव्हता. डोळ्यांना दिसले त्यावरून त्यांनी ताडले आणि ते बरोबर निघाले. पुढे पहिल्या महायुद्धात घटसर्पाने घसा बंद झालेल्या एका फ्रेंच युद्धकैद्यावर त्यांनी शस्त्रक्रिया केली. त्या संसर्गाने १९१८ साली ते स्वतःच गेले. शत्रूपक्षाच्या कैद्यासाठी जीव गमावलेल्या माणसाचे नाव आज जगभरच्या मुलांच्या फाइलवर लिहिले जाते, हे मला मोठे वाटते.

आता या भगिनीला सर्वांत उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. अन्य कारणांनी दगावलेल्या लहान बाळांच्या किडन्या तपासल्या तेव्हा शंभरात एका बाळात या कारागीर पेशींचे छोटे अवशेष सापडले. शंभरात एक, आणि कॅन्सर दहा हजारांत एकाला. म्हणजे अवशेष राहिलेल्या बहुतेक मुलांत ते आपोआप विरून जातात. आई-बाप, मूल, कोणालाच काही कळत नाही. ज्यांच्यात विरत नाहीत त्यांच्यापैकी थोड्यांत पुढची चूक घडते आणि गाठ वाढते.

ही पुढची चूक कुठली, ते समजायला जनुकांकडे जावे लागते. शब्दाला घाबरू नका. प्रत्येक पेशीत शरीराच्या कामांची लिखित यादी असते आणि तिच्यातली एकेक सूचना म्हणजे एक जनुक. बहुतेक प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. काही जनुके पेशीला वाढ म्हणतात, काही थांब म्हणतात. थांब म्हणणारी जनुके सायकलच्या ब्रेकसारखी. पुढचा ब्रेक तुटला तरी मागच्यावर सायकल थांबते. दोन्ही तुटले तर उतारावर काही खरे नाही.

हा दोन ब्रेकचा विचार अमेरिकेतले डॉक्टर आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरबाबत मांडला, आणि पुढच्याच वर्षी लुईस स्ट्राँग यांच्यासोबत विल्म्स ट्यूमरला लावून पाहिला. काही मुले एक तुटका ब्रेक घेऊनच जन्मतात, त्यांना गाठ लवकर आणि कधी दोन्ही किडन्यांत होते. इतर मुलांत दोन्ही ब्रेक जन्मानंतर किंवा गर्भात, एकाच पेशीत, योगायोगाने तुटतात. त्यांना एकच गाठ आणि थोडी उशिरा होते. त्या दोघांचा अंदाज होता की एक तृतीयांशाहून जास्त मुलांत दोष जन्मजात असावा. इथे मात्र अंदाज चुकला. घराण्यात आधी कोणाला असलेला विल्म्स ट्यूमर शंभरात एक-दोनच सापडतो. जन्मतःच सर्व पेशींत दोष असलेली मुले धरली तरी प्रमाण दहा टक्के किंवा त्याहून थोडे जास्त भरते. बाकी सगळ्यांत बदल हा त्या मुलाच्या किडनीतल्या काही पेशींपुरताच असतो. आईच्या रक्तात तो नसतो, बापाच्या रक्तात नसतो, मुलाच्या स्वतःच्या रक्तातही बहुधा नसतो.

ब्रेक नेमका कुठला, याचा सुगावा डोळ्यांवरून लागला. १९६४ साली रॉबर्ट मिलर आणि सहकाऱ्यांनी विल्म्स ट्यूमर झालेल्या ४४० मुलांच्या नोंदी चाळल्या. त्यांत सहा मुलांच्या डोळ्यांत बुबुळाचा रंगीत पडदाच नव्हता. हा दोष एरवी पन्नास हजार ते लाखभर माणसांत एखाद्याला असतो. ४४० जणांत सहा हा योगायोग असूच शकत नव्हता. पुढे कळले की अशा मुलांच्या अकराव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यावर डोळ्याचा पडदा घडवणारे जनुक आणि किडनी घडवणारे एक जनुक शेजारीशेजारी असतात. तुकडा गेला की दोन्ही जातात. हे किडनीचे जनुक १९९० साली दोन गटांनी वेगवेगळे शोधून काढले. त्याला डब्ल्यूटी-१ म्हणतात. उंदरांत ते पूर्ण काढून टाकले तर पिल्लाला किडन्याच येत नाहीत, इतके ते मूलभूत आहे. कोवळ्या पेशींना "आता वाढणे पुरे, गाळणी व्हा" हे सांगण्यात त्याचा मोठा वाटा असतो. दोन्ही प्रती गेल्या की सांगणारा उरत नाही.

वाटले होते, गुन्हेगार सापडला. पण तपासल्यावर दिसले की डब्ल्यूटी-१ बिघडलेले असते ते पाच गाठींपैकी एखाद्याच गाठीत. मग इतरांचे काय? आज या आजाराशी जोडलेली चाळीसच्या आसपास जनुके माहीत आहेत. सगळ्यांची नावे देऊन पान भरण्यात अर्थ नाही. पण बहुतेकांचे काम ऐकले तर आश्चर्य वाटते : त्यातली बरीचशी गर्भात किडनी घडवण्याच्या कामाशी संबंधित आहेत.

त्यातले एक मात्र सांगितलेच पाहिजे. त्याच अकराव्या गुणसूत्राच्या टोकाशी आयजीएफ-२ नावाचे जनुक आहे. ते वाढवणारे जनुक, ब्रेक नव्हे, पॅडल. निसर्गाने त्याच्यावर विचित्र बंधन घातले आहे. आईकडून आलेली प्रत मिटवून ठेवलेली असते आणि फक्त बापाकडून आलेली प्रत बोलते. अक्षरे दोन्हींत तीच, पण आईच्या प्रतीवर जणू कुलूप घातलेले. निम्म्याहून जास्त विल्म्स गाठींत हे कुलूप निघालेले असते, किंवा आईची प्रत हरवून बापाच्याच दोन प्रती झालेल्या असतात. वाढ-वाढ म्हणणारा एक आवाज होता, त्याचे दोन झाले. काही मुलांत हा फरक गर्भाच्या अगदी सुरुवातीलाच शरीराच्या बऱ्याच भागात पसरलेला असतो. त्या बाळांची जीभ मोठी असते, वजन जास्त असते, कधी एक हात किंवा पाय दुसऱ्यापेक्षा जाड असतो. अशा बाळांना या कॅन्सरचा धोका इतरांहून जास्त असतो.

सुनेला बोल लावणाऱ्या घरांना सांगावेसे वाटते की या ठिकाणी गप्प बसलेली प्रत आईची आहे आणि बोलणारी बापाची. पण तेवढ्यावरून उद्या कोणी जावयाला धरून बसू नये. बापाच्या हातातही यातले काही नाही.

२०१९ साली केंब्रिजजवळच्या संशोधकांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. विल्म्स झालेल्या मुलांच्या काढलेल्या किडनीत गाठीबाहेरचा, डोळ्यांना अगदी निरोगी दिसणारा भागही त्यांनी तपासला. गाठीत जे जनुकीय बदल होते त्यातले काही त्या निरोगी भागातही सापडले, पण मुलाच्या रक्तात नव्हते. म्हणजे किडनी बनत असताना एका पेशीत बदल झाला, तिच्या वंशातून किडनीचा मोठा भाग बनला, तो नीट चाललाही, आणि त्यातल्याच एका फांदीवर पुढे गाठ आली. सासूबाईंच्या ग्रहणाचे, नणंदेच्या पपईचे उत्तर इथे आहे. पेशी दुभंगताना कोट्यवधी अक्षरांची नक्कल करते. क्वचित एखादे अक्षर चुकते. सुरी हातात घेतल्याने ते चुकत नाही आणि पपईने तर नाहीच. आईची औषधे, बापाचा पेशा, शेतातली कीटकनाशके, सगळ्यांवर जगभर अभ्यास झाले आहेत. ठामपणे बोट ठेवता येईल असे कारण हाती लागलेले नाही.

राहिले मोहल्ल्यातले गृहस्थ आणि नात्यातले लग्न. हा प्रश्न आपल्या समाजात वारंवार येतो म्हणून जरा सविस्तर सांगते. नात्यातल्या लग्नाचा धोका खोटा नाही. थॅलेसेमियासारख्या आजारांत आई आणि बाप दोघेही एकेक बिघडलेली प्रत बाळगून असतात. त्यांना स्वतःला त्रास नसतो. दोघांच्या बिघडलेल्या प्रती एकाच बाळात आल्या की आजार होतो. आजी-आजोबा एकच असतील तर असे जुळून येण्याची शक्यता वाढते, आणि म्हणून अशा लग्नांआधी रक्ततपासणी करून घ्या असे मी या सदरात आधीही लिहिले आहे. पण विल्म्स ट्यूमरचा हिशेब वेगळा आहे. इथे दुसरी प्रत दुसऱ्या पालकाकडून बिघडून येत नाही. ती बाळाच्या किडनीतल्या एका पेशीत, बाळाच्याच आयुष्यात बिघडते. नवरा मामूचा मुलगा असो नाहीतर परक्या गावचा, त्याने फरक पडत नाही. अपवाद आहेत. पर्लमन सिंड्रोम नावाचा एक अतिशय दुर्मीळ आजार दोन्ही पालकांकडून येतो आणि त्यात विल्म्सचा धोका मोठा असतो. पण ती बाळे जन्मतःच फार मोठी असतात, वेगळी दिसतात, आणि बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच दगावतात. साडेतीन वर्षे ठणठणीत वाढलेल्या या मुलाचा त्याच्याशी संबंध जोडता येत नाही. गृहस्थांचे नियम बरोबर आहेत, उदाहरण चुकले.

इथे थोडे थांबून, ज्यांच्या घरी हा आजार नाही त्या भगिनींसाठी. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाचे पोट एका बाजूला फुगलेले वाटले, हाताला घट्ट गोळा लागला, लघवी लालसर झाली, किंवा बारीक ताप आणि पोटदुखी चिकटून राहिली, तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या. गोळा दुखत नाही म्हणून साधा, असे समजू नका. ही गाठ सहसा दुखतच नाही. आणि एकदा लागली की पुन्हापुन्हा दाबून बघू नका. शेजारणीला, जाऊबाईला, मामूजानना, कोणालाच दाबू देऊ नका. मालीश, शेक, पट्टा काहीही नको. गाठीभोवती पातळ आवरण असते. ते फुटले तर पेशी पोटात सांडतात आणि उपचार वाढवावा लागतो. या भगिनीने हिंगावर चार दिवस घालवले. पण नंतर एक दिवसही फुकट घालवला नाही, हे तिने विसरू नये.

उपचाराविषयी तिने विचारलेले नाही, पण दोन शब्द लिहिते, कारण ही कॅन्सरच्या इतिहासातली आनंदाची गोष्ट आहे. शंभर वर्षांपूर्वी या आजारात थोडीच मुले वाचत. आज चांगल्या सोयी असलेल्या देशांत दहापैकी नऊ मुले बरी होतात, आणि फुप्फुसात पसरलेल्या आजारातूनही अनेक जण वाचतात. यात दोन औषधांचा वाटा मोठा आहे. एक, अॅक्टिनोमायसिन. हे मातीतल्या जिवाणूपासून सेलमन वॅक्समन यांनी १९४० साली मिळवले. प्रतिजैविक म्हणून ते वापरता येईना इतके विषारी निघाले. पुढे बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९५० च्या दशकात तेच विष मोजून मापून विल्म्सच्या मुलांना दिले. दुसरे औषध व्हिन्क्रिस्टीन, ते तर आपल्या अंगणातल्या सदाफुलीचे. कॅनडात दोन शास्त्रज्ञ सदाफुलीची पाने मधुमेहावर चालतात का हे पाहत होते. साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी उतरल्या, आणि तिथून कॅन्सरच्या औषधाचा धागा मिळाला.

मात्र अंगणातल्या सदाफुलीचा काढा करून मुलाला कोणी पाजू नये. इंजेक्शनात असते ते शुद्ध केलेले, मिलिग्रॅममध्ये मोजलेले औषध. पानात ते किती आहे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि सोबत आणखी कितीतरी विषारी द्रव्ये येतात. गेल्या वर्षी एका आजोबांनी असा काढा करून ठेवला होता. नशीब, मुलाने कडू म्हणून थुंकून टाकला.

आपल्याकडे मुले हातची जातात ती औषध नसल्यामुळे कमी आणि उशीर झाल्याने किंवा उपचार अर्ध्यावर सोडल्याने जास्त. गाठ काढली, मूल हसायला लागले, मुंबईचा खर्च झेपेना, मग उरलेले डोस कशाला? दिसेनाशा पेशी मारण्यासाठीच ते डोस असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली मुलांच्या कॅन्सरसाठी मोहीम सुरू केली, तेव्हा नीट उपचाराने बरे होणारे जे सहा आजार मुद्दाम निवडले त्यांत विल्म्स ट्यूमर आहे. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड घेऊन आधी त्यांना भेटा.

आता तिचा पुढचा प्रश्न : दुसरे मूल होऊ द्यावे का? तिच्या रिपोर्टमध्ये गाठ एकाच किडनीत आहे, बाकी किडनीत अवशेष नाहीत. मुलाचे डोळे, जीभ, लघवीची जागा, हातपाय व्यवस्थित असल्याचे डॉक्टरांनी लिहिले आहे. घराण्यात कोणाला हा आजार नाही. अशा वेळी भावंडाला तो होण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. त्या भीतीने पाळणा थांबवण्याचे कारण नाही. गाठ दोन्ही किडन्यांत असती, किंवा डोळ्यांचा पडदा नसणे, एक बाजू जाड असणे असे काही असते, तर मी आधी जनुकीय तपासणी आणि सल्ला घ्यायला सांगितले असते. ज्या बाळांत असा दोष ठरलेला असतो त्यांची साधारण सात वर्षांची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करतात, म्हणजे गाठ आलीच तर सुपारीएवढी असताना सापडते. तिच्या पुढच्या बाळाला याची गरज नाही. तिच्या मनाच्या समाधानासाठी बालरोगतज्ज्ञांनी एखादी सोनोग्राफी केली तर मी हरकत घेणार नाही.

पत्राच्या शेवटी, वेगळ्या शाईत, बहुधा नंतर आठवून, तिने लिहिले आहे : एका किडनीवर हा मोठा होईल, रोजे धरू शकेल का?

हा प्रश्न वाचून मला बरे वाटले. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या पंधराव्या वर्षाचा विचार ती करते आहे. राहिलेली किडनी आकाराने वाढते आणि दोघींचे बरेचसे काम एकटी उचलते. अशी माणसे शाळा, नोकरी, संसार सगळे करतात. दरवर्षी रक्तदाब मोजायचा, लघवीतले प्रथिन आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासायचे. पोट दुखले, अंग दुखले म्हणून मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या सहज द्यायच्या नाहीत, कारण त्यातल्या काही किडनीवर ताण आणतात. डोसरूबिसिन नव्हे, डॉक्सोरूबिसिन नावाचे औषध दिले असेल तर हृदयाची तपासणीही सांगतील, फाइलमध्ये नाव पाहून ठेवा. रोजे फर्ज होण्याच्या वयापर्यंत ही सगळी आकडेवारी दहा-बारा वर्षांची जमा झालेली असेल. ती पाहून तेव्हाचे डॉक्टर सांगतील. आकडे चांगले असतील तर मला वाटते ते परवानगी देतील, इफ्तारनंतर भरपूर पाणी पिण्याच्या अटीवर.

रिपोर्टची मूळ प्रत रजिस्टर पोस्टाने परत पाठवली आहे. तिच्या तीन झेरॉक्स काढा, एक माहेरी ठेवा, आणि मूळ प्रत यापुढे मलाही पाठवू नका.